दीक्षाभूमीवर फोटोत चेहरा काळा का येतो? समजून घ्या अॅपर्चर आणि उजेडाचे गणित

नागपूर : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दूरदूरच्या गावांतून कुटुंबे येतात आणि स्तूपासमोर एक तरी फोटो काढतात. घरी गेल्यावर दिसते, की स्तूप झकास आला. आजीचा चेहरा मात्र काळवंडला.

असे का होते?
कॅमेरा फ्रेममधला उजेड मोजतो. मागे पांढरा घुमट आणि उजळ आकाश असले, की तो सगळाच फोटो गडद करतो. मोबाइलच्या स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, ब्राइटनेस थोडा वाढवा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ ठेवून पाहा.

अॅपर्चर किती?
अॅपर्चर म्हणजे लेन्समधले उजेड आत येण्याचे छिद्र. आकडा लहान, तेवढे छिद्र मोठे. एफ/५.६ पेक्षा एफ/२.८ ला चौपट उजेड येतो, पण मागचे धूसर होते. एकट्याच्या चेहऱ्यासाठी एफ/२.८ चालेल. दोन रांगांत कुटुंब आणि मागे स्तूपही हवा, तर एफ/८. बहुतेक मोबाइलमध्ये अॅपर्चर बदलता येत नाही. पोर्ट्रेट मोड मागचा भाग सॉफ्टवेअरने धूसर करतो. स्तूप स्पष्ट हवा असेल तर तो मोड बंद ठेवा.

उजेड कधीचा?
दुपारचे ऊन डोक्यावरून पडते आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली येते. सकाळी लवकर किंवा चारनंतरचे तिरपे ऊन बरे. दुपारीच काढायचा असेल, तर झाडाच्या दाट सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभे राहा. आजीला सूर्याकडे बघायला लावू नका, डोळे मिटतात.