पाळीव सर्पांचा आहारपालट : जिवंत भक्ष्याकडून गोठविलेल्या भक्ष्याकडे

बंदिस्त सर्पाला खावयास काय द्यावे हा प्रश्न वरवर पाहता पशुपालनाचा वाटतो. वस्तुतः तो प्राणिवर्तनशास्त्राचा आहे. अमेरिकेत व युरोपात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरी सर्प पाळण्याची हौस वाढत गेली, आणि तिच्याबरोबर सर्पांच्या आहारासाठी उंदरांची पैदास करणारा एक स्वतंत्र व्यवसायही उभा राहिला. आज तेथील बहुसंख्य पालक जिवंत उंदराऐवजी मारून गोठविलेला व नंतर वितळवून ऊब दिलेला उंदीर सर्पापुढे ठेवतात. परंतु ज्या सर्पाला आरंभापासून जिवंत भक्ष्याची सवय आहे, तो असे मृत भक्ष्य पुष्कळदा नाकारतो. कित्येक सर्प आठवडेच्या आठवडे उपाशी राहतात. पालक धास्तावतो आणि पुन्हा जिवंत उंदीर पेटीत सोडतो. ‘साप हा शिकारी प्राणी आहे, त्याला मेलेले चालत नाही,’ असे ह्या नकाराचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. हे स्पष्टीकरण कितपत टिकते आणि त्याच्या जागी कोणते अधिक समाधानकारक ठरते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पालट कशासाठी?

पहिले कारण सर्पाच्या सुरक्षिततेचे आहे. निसर्गात उंदराला पळून जाण्यास वाट असते आणि सर्पाला भूक नसेल तेव्हा दोघांची गाठ पडली तरी ते आपापल्या मार्गाने जातात. पेटीत ही मोकळीक उरत नाही. कात टाकण्याच्या बेतात असलेला, गारठलेला किंवा भूक नसलेला सर्प हालचाल न करता पडून राहतो. त्याच्याबरोबर रात्रभर कोंडलेला उंदीर मात्र भुकेने व भीतीने कुरतडू लागतो. पाठीची त्वचा व स्नायू कुरतडले जाऊन मणके उघडे पडल्याची उदाहरणे पशुवैद्यांच्या परिचयाची आहेत. आवळला जात असतानाही उंदीर सर्पाच्या डोळ्याला वा तोंडाला चावा घेऊ शकतो.

दुसरे कारण उंदराच्या यातनांचे आहे. ह्या बाबतीत भाषा काटेकोर असली पाहिजे. गोठविलेले भक्ष्य दिल्याने उंदराचा मृत्यू टळत नाही. तो केवळ दुसऱ्या ठिकाणी व दुसऱ्या रीतीने घडतो. मात्र ती रीत माणसाच्या हाती असते, व म्हणून तिची जबाबदारीही माणसावर येते. बंद पेटीतील भय आणि झटापट टाळता येते, हा लाभ खरा आहे; परंतु उंदरांची पैदास व हत्या जेथे निष्काळजीपणे होते, तेथे तो बराचसा निष्फळ ठरतो.

तिसरे कारण सोयीचे. योग्य आकाराचे भक्ष्य साठवून ठेवता येते आणि सर्प ज्या दिवशी खाईल त्या दिवशी ते हाताशी असते.

२. मृत भक्ष्य सर्पाला परके आहे काय?

सर्पांच्या नैसर्गिक आहाराकडे पाहिले, तर ‘मेलेले चालत नाही’ ह्या समजुतीला फारसा आधार मिळत नाही. खुळखुळ्या साप उंदराला दंश करून लगेच सोडून देतो. उंदीर काही अंतर जाऊन मरतो. मग सर्प जीभ लपलपवीत त्याचा माग काढतो आणि मृत उंदीर गिळतो. अजगर व बोआ हे भक्ष्य आवळून मारतात व हालचाल थांबल्यावरच गिळू लागतात. म्हणजे ह्या सर्पांच्या बाबतीत गिळण्याची क्रिया बहुधा मृत देहावरच होते. जिवंतपणाचा संबंध येतो तो त्याआधीच्या टप्प्यांशी, म्हणजे भक्ष्य ओळखण्याशी व त्यावर झडप घालण्याशी.

ह्याहून पुढची गोष्ट अशी की, स्वतः न मारलेले भक्ष्यही सर्प खातात. डीव्हॉल्ट व क्रोखमाल ह्यांनी २००२ मध्ये ह्या विषयावरील उपलब्ध नोंदींचा आढावा घेतला, तेव्हा सर्पांमधील मृतभक्षण समजले जाते त्याहून बरेच अधिक घडत असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील सीहॉर्स की ह्या बेटाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथील जलपक्ष्यांच्या वसाहतीखाली कॉटनमाउथ हे विषारी सर्प जमत आणि घरट्यांतून खाली पडलेले मासे खाऊन राहत. २०१५ मध्ये पक्ष्यांनी ते बेट सोडले, तोवर हा क्रम चालू होता.

३. भक्ष्याची ओळख

मग पेटीतील सर्प मृत उंदीर का नाकारतो? ह्याचे उत्तर सर्पाच्या ज्ञानेंद्रियांत शोधले पाहिजे. ‘हा उंदीर जिवंत आहे’ असा एकच बोध सर्पाला होतो असे मानण्याचे कारण नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात त्या काही पृथक् खुणा : गंध, ऊब, हालचाल आणि पकडीनंतरचा स्पर्श.

गंधाची खूण सर्वांत मूलभूत दिसते. जिभेने टिपलेले रासायनिक कण टाळूतील जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचतात. गॉर्डन बर्गहार्ट ह्यांनी १९६६ व १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांनी जन्मल्यापासून काहीही खाल्ले नव्हते अशा गार्टर सर्पांच्या पिल्लांपुढे निरनिराळ्या प्राण्यांच्या त्वचेच्या अर्कात बुडविलेले कापसाचे बोळे धरले. आपल्या जातीच्या नेहमीच्या भक्ष्याचा अर्क असेल तर पिल्ले जीभ झपाट्याने हलवीत व बोळ्यावर झडपही घालीत. कापसाच्या बोळ्यात ना जीव होता, ना हालचाल. गंध तेवढा पुरेसा ठरला. पुढील संशोधनात असेही दिसून आले की, ही जन्मजात आवड प्रत्यक्ष खाण्याच्या अनुभवाने बदलू शकते. आहारपालटाची शक्यता ह्याच दुसऱ्या निष्कर्षात आहे.

अजगर व चापडा ह्यांसारख्या सर्पांत ऊब ही दुसरी महत्त्वाची खूण होय. अजगराच्या ओठांवरील खळग्यांत उष्ण वस्तूपासून निघणारी अवरक्त प्रारणे जाणवतात. डेव्हिड ज्यूलियस ह्यांच्या प्रयोगशाळेतून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ह्या संवेदनेचे रेणवीय साधन दाखवून दिले : टीआरपीए-१ हे प्रथिन. मनुष्यात मोहरीची झणझण जाणवते तीही ह्याच प्रथिनाच्या मानवी रूपामुळे. अशा सर्पांत मात्र ते उष्णतेला प्रतिसाद देते. जिवंत उंदराचे शरीर सुमारे ३७° सें. तापमानाचे असल्याने ते थंड पार्श्वभूमीवर उठून दिसते. वितळून खोलीच्या तापमानाला आलेला उंदीर ह्या इंद्रियाच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्यच असतो.

स्पर्शाच्या खुणेविषयी २०१२ मध्ये स्कॉट बोबॅक व त्यांचे सहकारी ह्यांनी केलेला प्रयोग बोधप्रद आहे. त्यांनी मृत उंदरांना ऊब देऊन त्यांच्या शरीरात कृत्रिम स्पंदन करणारे साधन बसविले व ते बोआ सर्पांना दिले. स्पंदन चालू असेपर्यंत सर्प अधिक जोराने व अधिक वेळ आवळीत राहिले. ज्यांनी पूर्वी कधीही जिवंत भक्ष्य मारले नव्हते, अशा बंदिवासात जन्मलेल्या सर्पांनीही स्पंदनाला प्रतिसाद दिला. ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, ‘जिवंतपणा’ सर्पाच्या लेखी खुणाखुणांनी बनलेला असून त्यांतील प्रत्येक खूण वेगळी काढता येते. दोन, मृत भक्ष्यावर वाढलेल्या सर्पाची ही उपजत क्षमता नाहीशी होत नाही.

तेव्हा नकाराचा अर्थ असा लावणे अधिक युक्त ठरते : सर्पाला मृत भक्ष्य ‘नको’ असते असे नव्हे, त्याला ते भक्ष्य म्हणून पुरते ओळखू येत नाही.

४. बॉल पायथनचे उदाहरण

पालकांची सर्वांत अधिक परीक्षा पाहणारी जात म्हणजे पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन हा लहान अजगर. भ्याला की अंगाचा चेंडू करून डोके आत दडवितो, म्हणून हे नाव. घाना, टोगो व बेनिन ह्या देशांतून तो मोठ्या संख्येने निर्यात होत आला आहे. तो निशाचर असून बिळांत व वारुळांत राहतो आणि दीर्घकाळ उपवास करू शकतो. नायजेरियातील सर्पांविषयी लुइसेली व आंजेलिची ह्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान आकाराचे बॉल पायथन मुख्यतः पक्षी, तर मोठे प्रामुख्याने सस्तन प्राणी खातात, असे आढळले. अशा सर्पापुढे पांढरा प्रयोगशाळी उंदीर ठेवला, तर तो मेलेला आहे ही एकच अडचण नसते. त्याचा गंधही अनोळखी असतो. दोन्ही अडचणी एकदम पुढे आल्या म्हणजे नकाराचे नेमके कारण पालकाला उमगत नाही.

५. पालटाची रीत

प्रयोगशास्त्राचा परिचित नियम येथेही लागू पडतो : एका वेळी एकच घटक बदलावा.

आरंभी सर्प निरोगी व स्वस्थ असल्याची खात्री करून घ्यावी. पेटीची उबदार बाजू सुमारे ३१° ते ३२° सें. व थंड बाजू सुमारे २६° सें. असावी, अंग चोरून बसता येईल असा आडोसा दोन्हीकडे असावा. नव्याने आणलेल्या सर्पाला प्रथम स्थिरावू द्यावे आणि तो जे भक्ष्य घेतो तेच काही वेळा द्यावे. कात टाकण्याच्या काळात पालटास आरंभ करू नये.

पहिल्या पायरीत भक्ष्याची जात व आकार तोच ठेवून जिवंत उंदराऐवजी नुकताच, वेदनारहित रीतीने मारलेला उंदीर द्यावा. येथे गंध व ऊब कायम राहतात. हालचाल तेवढी वजा होते, आणि लांब चिमट्याने उंदीर हळूहळू हलविल्यास तीही अंशतः भरून निघते. दुसऱ्या पायरीत त्याच जातीचा गोठवून वितळविलेला उंदीर द्यावा. तो रात्रभर रेफ्रिजरेटरमध्ये वितळू द्यावा, नंतर घट्ट बंद पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावा व पृष्ठभाग सुमारे ३८° ते ४०° सें. झाला म्हणजे कोरडा करून तत्काळ द्यावा. आतील भाग गोठलेला राहता कामा नये. मायक्रोवेव्हमध्ये ऊब असमान पोहोचते व देह फुटण्याचा संभव असतो, म्हणून ती रीत टाळावी. वेळ सायंकाळनंतरची निवडावी. सर्पाने झडप घातली नाही तर भक्ष्य आडोशाच्या तोंडाशी ठेवून निघून जावे; पुष्कळ सर्प एकांतात ते उचलतात. सकाळी न खाल्लेले भक्ष्य काढून टाकावे. ते पुन्हा गोठवू नये.

गंधच परका असेल, तर नव्या भक्ष्याला जुन्या भक्ष्याच्या पिंजऱ्यातील भुसा चोळावा. कवटीला छेद देऊन आतील गंध मोकळा करण्याचा उपायही परिणामकारक ठरतो. सर्प नियमाने खाऊ लागल्यावर अशी साहाय्ये एकेक करून कमी करीत जावीत. पांढऱ्या उंदरासारखा जातिबदल करावयाचा असेल, तर तो सर्वांत शेवटी.

दोन प्रयत्नांत सात ते दहा दिवसांचे अंतर असावे. रोज रोज भक्ष्य पुढे करण्याने सर्प बिथरतो आणि नकार दृढ होतो. दर आठवड्यास वजनाची नोंद ठेवावी. पूर्ण वाढीच्या सर्पाचे वजन स्थिर असेल, तर काही आठवड्यांच्या उपवासाने घाबरण्याचे कारण नाही. वजन एक दशांशाहून अधिक घटले, तर मात्र पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. पिल्लांच्या बाबतीत एवढी वाट पाहता येत नाही. बळजबरीने तोंडात भक्ष्य घालणे हा अखेरचा उपाय असून तो जाणत्याच्याच हातचा आहे.

६. मर्यादा व दक्षता

ही रीत सर्व सर्पांना सारखीच लागू पडत नाही. मासे खाणाऱ्या गार्टर सर्पांत वेगळाच धोका उद्भवतो. काही माशांत थायामिनेज हे विकर असते. गोठविल्याने ते नष्ट होत नाही आणि ब-१ जीवनसत्त्वाचा ऱ्हास करीत राहते. केवळ अशा माशांवर पोसलेल्या सर्पांना झटके येऊन ते दगावतात. ज्यांचे अन्नच दुसरे सर्प आहे त्या नागराजापुढे उंदीर ठेवावयाचा, तर त्याला सर्पाचा गंध लावावा लागतो.

गोठविण्याने काही परजीवी मरतात. साल्मोनेला जंतू मात्र टिकून राहतात. २००८ पासून ब्रिटनमध्ये पसरलेली साल्मोनेलाची एक साथ सर्पांसाठी अमेरिकेतून आयात केलेल्या गोठविलेल्या उंदरांपर्यंत मागे नेता आली, आणि तिला बळी पडलेल्यांत मुलांची संख्या लक्षणीय होती. म्हणून असे भक्ष्य घरच्या अन्नाजवळ ठेवू नये, स्वयंपाकघरात वितळवू नये व हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

भारतापुरते सांगावयाचे, तर १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमामुळे देशी सर्प घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. साहजिकच येथे हा विषय प्रामुख्याने प्राणिसंग्रहालये व संशोधनसंस्था ह्यांच्या कक्षेत येतो.

एकंदरीत पाहता, आहारपालटाचे यश सर्पाला ‘वळण लावण्यावर’ अवलंबून नसून त्याच्या ज्ञानेंद्रियांना जे अपेक्षित आहे ते पुरविण्यावर अवलंबून आहे. जो पालक नकाराला हट्ट समजतो, तो एक तर सर्पाला उपाशी ठेवतो किंवा जिवंत उंदराकडे परततो. जो त्याच नकारात उणी पडलेली खूण शोधतो, त्याला पुढील पायरी सापडते. कोणत्या जातीत कोणती खूण किती निर्णायक आहे, ह्याचा जातिवार व पद्धतशीर अभ्यास व्हावयास मोठा वाव आहे. आणि अशा अभ्यासास लागणारी सामग्री म्हणजे बव्हंशी तापमापक, तराजू व नियमाने ठेवलेली नोंदवही होय.