दाताचा एक्स-रे एकदाच पुरे

दाढ ठणकते म्हणून मेहकर, चिखली किंवा नांदुऱ्याच्या दंतवैद्याकडे गेलात, की डॉक्टर तोंडात एक छोटी चपटी पट्टी ठेवतात, ‘हलू नका’ म्हणतात आणि काही सेकंदांत संगणकावर दाताचे मूळ दिसते. ही पट्टी म्हणजे सेन्सर. दवाखान्यात या तपासणीला ‘आरव्हीजी’ म्हणतात. १८९६ मध्ये जर्मनीच्या ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा त्यांना तब्बल २५ मिनिटे किरण घ्यावे लागले होते. आता सेकंदाचा काही भाग पुरतो.

बहुतेक सेन्सर वायरने संगणकाला जोडलेले असतात. बिनतारी सेन्सर बॅटरीवर चालतात आणि चित्र वायफायने पाठवतात. वायर ओढली जाऊन तुटण्याची भीती त्यामुळे कमी होते. पण नवी अडचण येते. किरण सोडणारे यंत्र आणि ते टिपणारा सेन्सर ही सहसा दोन स्वतंत्र उपकरणे असतात. बॅटरी उतरली असो, वायफाय तुटलेले असो की संगणक बंद पडलेला असो, यंत्राचे बटण दाबले की किरण निघू शकतात. चित्र मात्र येत नाही आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो.

इथे सॉफ्टवेअरचे काम सुरू होते. बॅटरी किती उरली, जोडणी टिकून आहे का, सेन्सर तयार आहे का, हे ते पडद्यावर दाखवते. ‘तयार’ अशी खूण दिसल्यावरच बटण दाबायचे, ही शिस्त महत्त्वाची. दाताच्या एका छोट्या एक्स-रेचा किरणोत्सार साधारण एका दिवसाच्या नैसर्गिक किरणोत्साराएवढा किंवा त्याहून कमी असतो, म्हणून घाबरू नये. तरीही विनाकारण घेतलेला एक्स-रे हा जादाच. अशी यंत्रे वापरण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, तीही याच काळजीपोटी.

पुढील उपचारांसाठी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरला जायचे असेल, तर एक्स-रेची मूळ फाइल मागून घ्या. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो अनेकदा पुरत नाही. त्यात बारीक भेगा हरवतात. फाइलवर नाव, तारीख आणि दाताचा क्रमांक आहे ना, तेही पाहा. गर्भवती असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि एक्स-रे पुन्हा काढायची वेळ आली, तर ‘पहिला का नाही आला?’ असे विचारायला संकोचू नका.