तांबडी वाइन आणि द्राक्षाची साल



गेल्या उन्हाळ्यात अथणी भागातील दोन बागायतदार आमच्याकडे आले. थोरल्यांची थॉमसनची बाग जुनी. धाकट्याची नुकती मांडवावर चढलेली. धाकट्याने शहरातील एका दुकानात तांबड्या वाइनच्या बाटलीची किंमत पाहिली होती. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षे लागतात असेही त्याने कोठेतरी ऐकले होते, आणि ते खरेही आहे. मग बाटलीच्या किमतीतून किलोचा बाजारभाव वजा करून त्याने तो हिशेब वहीत मांडून आणला होता. "फादर, थॉमसन काढून वाइनची काळी द्राक्षे लावली तर?" असा त्याचा सरळ प्रश्न होता.

मिस्साच्या द्राक्षारसापलीकडे आम्ही वाइनचे जाणकार नाही. आणि तो द्राक्षारसही बहुधा पांढराच असतो, कारण वेदीवरच्या वस्त्रांवर तांबडा डाग पडला की ती धुणाऱ्या सिस्टरांचे बोलणे आम्हांलाच ऐकावे लागते. तेव्हा त्याला घाईने उत्तर दिले नाही. पुढल्याच आठवड्यात आम्हांला कामानिमित्त मडगावला जायचे होते. तेथील एका जुन्या दुकानात महिन्यातून एका संध्याकाळी गिऱ्हाइकांना चार-पाच वाइन थोड्या थोड्या चाखायला देतात, असे एका स्नेह्यांकडून कळले होते. दोघांनाही बरोबर घेतले. आपल्याकडे 'वाइन शॉप' अशी पाटी असते आणि आत वाइन सोडून बाकी सारे मिळते. हे दुकान मात्र पाटीला जागणारे निघाले.

मालकांनी बाटली उघडण्याआधी बशीत काळी द्राक्षे आणून ठेवली. आपल्या बाजारात मिळतात तीच, शरद सीडलेस. एक मणी बोटांनी दाबून त्यांनी पांढऱ्या बशीत रस पाडला. रस हिरवट पांढरा! थोरले बागायतदार हसले, कारण त्यांच्या ते रोजच्या पाहण्यातले. पण त्याचा अर्थ त्यांनीही कधी लावला नव्हता. काळ्या द्राक्षाचा रस काळा नसतो, रंग सालीत असतो. म्हणूनच काळ्या पिनो न्वार द्राक्षाचा रस सालीपासून लगेच वेगळा केला तर त्याची पांढरी वाइन होते, आणि फ्रान्समधील शॅम्पेनमध्ये ते द्राक्ष वर्षानुवर्षे वापरले जाते. गरापर्यंत तांबडी असणारी अलिकांत बुशे यांसारखी द्राक्षे आहेत, पण ती अपवादाने.

तांबडी वाइन करायची तर द्राक्षे चेचून साल, बिया आणि रस एकत्रच आंबवावे लागतात. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव रसातील साखर खातात. त्यातून अल्कोहोल होते आणि कार्बन डायऑक्साइड वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो. तो वायू साली वर ढकलतो आणि टाकीत त्यांचा जाड थर तरंगू लागतो. हा थर दिवसातून काही वेळा खाली दाबावा लागतो, किंवा खालचा रस पंपाने त्यावर सोडावा लागतो. नाहीतर रंग उतरत नाही आणि वरचा थर आंबट होऊन बिघडतो. पाच-दहा दिवस हे चालते. मग साली पिळून बाजूला काढतात. आपण आंब्याच्या कोयी पिळतो तसेच, फक्त येथे पिळून निघते ती सालीतली तुरटी.

ही तुरटी म्हणजे टॅनिन. कच्चे जांभूळ, सुपारी, फार वेळ उकळलेला कोरा चहा यांनी जीभ जशी आखडते तशी ती आखडते. साली आणि बिया यांतून टॅनिन येते, लाकडी पिंपात ठेवल्यास थोडे लाकडातूनही येते.

आता चाखण्याकडे वळू. मालकांनी पेल्यात तीन बोटेही वाइन ओतली नाही. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरावा, आधी रंग पाहावा. कडेचा रंग जांभळा असेल तर वाइन कोवळी, विटकरी असेल तर जुनी. मग पेला हलकेच फिरवून वास घ्यावा, आणि शेवटी लहान घोट तोंडात घोळवून शेजारच्या भांड्यात थुंकून टाकावा. थुंकण्याचे ऐकून थोरल्यांना ते अन्नाचा अपमान केल्यासारखे वाटले. पण जे हा धंदा करतात ते दिवसाला तीस-चाळीस वाइन चाखतात. गिळू लागले तर दहाव्या पेल्यानंतर त्यांच्या जिभेचा काय भरवसा? घोटांच्या मध्ये साधा पाव आणि पाणी. हलकी वाइन आधी, भारी मागून, गोड सर्वांत शेवटी. आमच्याकडील उन्हाळ्यात तांबडी वाइन खोलीच्या उष्णतेवर ठेवू नये, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडावी, हेही त्यांनी सांगितले. सोळा ते अठरा अंश सेल्सिअस ही तिची ठीक उष्णता, आणि मे महिन्यात आपल्या घरात ती कोठून मिळणार?

पहिली फ्रान्सची पिनो न्वार. या द्राक्षाची साल पातळ. पेल्यामागे वर्तमानपत्र धरले तर अक्षरे वाचता आली. दुसरी नाशिककडील शिराझ. अक्षरे दिसेनाशी झाली, वास काळ्या मिरीसारखा. नावावरून ती इराणातील शिराझ शहराची असे पुष्कळ लोक समजतात, पण १९९८ साली निघालेल्या आनुवंशिक चाचणीच्या निष्कर्षाने तिचे आईबाप फ्रान्सच्या रोन नदीच्या बाजूचीच दोन फारशी माहीत नसलेली द्राक्षे ठरली. तिसरी नंदी टेकड्यांजवळची कॅबर्ने सोव्हिन्यों. तिची साल जाड, मणी हरभऱ्याहून थोडा मोठा, बिया मोठ्या. तोंडात घेताच हिरड्या आखडल्या. धाकटा म्हणाला, "फादर, ही तर बाभळीच्या शेंगेसारखी लागते." मालकांना उपमा आवडली. या द्राक्षाचे आईबाप पांढरे सोव्हिन्यों ब्लाँ आणि काळे कॅबर्ने फ्राँ, कोणाच्या तरी बागेत शेकडो वर्षांपूर्वी आपोआप झालेला संकर, हे १९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखविले.

येथे आम्ही धाकट्याला त्याची वही काढायला लावली. एकाच तऱ्हेच्या पेल्यातून तीन वाइनचा रंग आणि तुरटी इतकी वेगळी निघाली, ती सालीमुळे. आणि साल घडते ती बागेत. आपण थॉमसनला जी.ए. देऊन मणी फुगवतो, विरळणी करतो, पाणी देतो, कारण बाजाराला मोठा, रसाळ, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी हवा असतो. वाइनच्या द्राक्षात सारे उलटे. मणी लहान हवा, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त येते. जी.ए.ची गरज नाही. मण्यात पाणी उतरू लागले की बागेचे पाणी आवरते घ्यावे लागते. थॉमसनचे एकरी दहा-बारा टन काढणाऱ्याला येथे चार-पाच टनांवर थांबावे लागते, नाहीतर साल पातळ, रंग फिका. साखर बावीस ते चोवीस ब्रिक्सपर्यंत चढू द्यावी लागते. त्यातूनच तेरा-चौदा टक्के अल्कोहोल येते. भुरीसाठी गंधक मारले असेल तर तोडणीआधी पुरेसे दिवस मोकळे सोडावेत. गंधक रसात उतरले तर आंबताना सडक्या अंड्याचा वास येतो. छाटण्या मात्र ओळखीच्याच: एप्रिलची खरड आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी. दख्खनच्या हवेत वेल युरोपातल्यासारखा हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून फळ हिवाळ्यात वाढवून जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळाला की सालीत रंग भरतो. ज्याच्या रानात पौषातही रात्री उबदार असतात त्याने या फंदात पडू नये, असे आमचे मत आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. थॉमसनचा भाव पडला तर आपण काय करतो? माल शेडवर नेऊन बेदाणा करतो आणि तासगावला पाठवितो. भाव वर्षभर पाहू शकतो. कॅबर्नेचा बेदाणा कोण घेणार? बिया आणि जाड साल. बाजारात पाटीभर ठेवले तर पोरेही परत ठेवतील. या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, वायनरी. महाराष्ट्राने २००१ साली आणि कर्नाटकाने २००७ साली वाइनसाठी धोरण आणले, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे राहिले, आणि उत्साहाने पुष्कळांनी लागवडी केल्या. २००८ साली जगभर मंदी आली, त्या वर्षाच्या नोव्हेंबरातील मुंबईच्या हल्ल्यानंतर हॉटेले ओस पडली, वाइन पडून राहिली. पुढची दोन-तीन वर्षे नाशिक भागात कित्येकांचा माल वेलीवर राहिला, काहींचे पैसे अडकले आणि चांगल्या धरत्या बागा कुऱ्हाडीने काढाव्या लागल्या. त्यानंतर धंदा पुन्हा सावरला हे खरे. पण ज्यांनी वेली तोडल्या त्यांना त्याचा काय उपयोग?

म्हणून वहीतला हिशेब चुकला होता. दुकानातील किमतीत सरकारचा कर, बाटली, पिंप, दुकानदार आणि वर्षानुवर्षे अडकलेले भांडवल असते. शेतकऱ्याचा भाव त्यातला फार लहान तुकडा. लागवडीआधी वायनरीशी कागदावर करार हवा: कोणते वाण, किती वर्षे, किती ब्रिक्सला कोणता दर, साखर कोण मोजणार आणि तेव्हा शेतकरी हजर असणार का, माल नाकारला तर वाहतूक कोणाची, पैसे किती दिवसांत. तोंडी शब्दावर खुंटाला कलम बांधू नये.

चौथ्या पेल्याची गोष्ट राहिली, ती आरोग्याची आहे. मालकांनी शेवटी दोन गोड वाइन शेजारी ठेवल्या: एक गोव्यात 'पोर्ट' म्हणून विकली जाते ती, दुसरी पोर्तुगालची. खरी पोर्ट दोउरो नदीच्या खोऱ्यातील, जेथील हद्द १७५६ साली आखली गेली. तेथे आंबवण अर्ध्यावर असतानाच द्राक्षाचा कडक अर्क घालतात. यीस्ट मरते, साखर उरते आणि अल्कोहोल एकोणीस-वीस टक्क्यांवर जाते. आपल्याकडील पोर्ट बहुधा बंगळूर ब्लू द्राक्षाची, गोडी वरून घातलेली. हे द्राक्ष अमेरिकन वंशाचे, त्याचा वास सरबतासारखा, आणि तो एकदा ओळखला की विसरत नाही. बाटलीवरची चिठ्ठी वाचून घ्यावी.

हीच तांबडी गोड वाइन आमच्या घरांतून बाळंतिणीला आणि अशक्त मुलीला "रक्त वाढेल" म्हणून चमचा-चमचा, पुढे पेला-पेला दिली जाते. गोव्यातही देतात, आपल्याकडेही देतात. वाइनचा तांबडा रंग रक्ताचा नव्हे, सालीचा. त्यातील लोह नगण्य, आणि टॅनिन तर जेवणातील लोह अंगी लागण्यास अडथळा करते. अंगावर पाजणाऱ्या आईचे अल्कोहोल दुधात उतरते. पोटुशीने तर थेंबही घेऊ नये. रक्त कमी असेल तर तपासून घ्यावे आणि आरोग्य केंद्रातील लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, कडधान्ये, अंडी आणि लिंबू यांवर भर द्यावा.

"हृदयाला चांगली" हेही ऐकू येते. १९९२ साली फ्रेंच लोकांच्या हृदयरोगाविषयी एक लेख गाजला आणि तांबड्या वाइनची वाहवा झाली. सालीतील रेस्वेराट्रॉल नावाच्या द्रव्याला श्रेय देण्यात आले. पण एका पेल्यात ते इतके थोडे असते की त्याने औषधाचे काम होत नाही. अल्कोहोलयुक्त पेयांना कर्करोगकारक म्हणून १९८८ सालीच नोंदविले गेले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की आरोग्याला निर्धोक असे अल्कोहोलचे प्रमाण नाही. वाइन सौम्य असते या समजुतीतही थोडे गणित करावे: तेरा टक्क्यांच्या वाइनचा दीडशे मिलिलिटरचा पेला म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम अल्कोहोल, तीस मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या पेगात सुमारे दहा. एक पेला म्हणजे दीड पेग झाला. थुंकण्याचे भांडे शेजारी ठेवण्यात शहाणपणा आहे तो यासाठीही.

परतीच्या प्रवासात थोरले बागायतदार म्हणाले की ते थॉमसनलाच धरून राहतील. धाकट्याने आपल्या रानातील डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीच्या उष्णतेची नोंद ठेवण्यासाठी एक थर्मामीटर घेतला आहे आणि दोन वायनरींना पत्रे पाठविली आहेत. एकीचे उत्तर आले आहे, त्यात दराचा आकडा नाही. दुसरीचे अजून यायचे आहे.