सायकल हलकी की हलकी वाटणारी?

आमच्या मेसच्या मागे धान्याची पोती तोलायचा काटा आहे. एका रविवारी त्यावर आम्ही दोन सायकली चढवल्या. माझी, म्हणजे बाबांची जुनी काळी डबलबार, कॅरियर-स्टँडसकट २० किलो. रूममेटची नवी गिअरवाली १२ किलो. आठ किलोंचा फरक! मी घरी फोन करून पैसे मागणारच होतो. मग म्हटलं, मेकॅनिक्स शिकलोय तर एकदा वापरून बघू.

माझं वजन ६५ किलो. म्हणजे चढावर ओढायचे एकूण ८५ किंवा ७७ किलो. सिंहगडचा घाट घ्या, उंची धरा ६०० मीटर. एमजीएच येतं सुमारे ५०० आणि ४५३ किलोज्यूल. पायांतून सतत १५० वॅट निघाले (मेसच्या जेवणावर निघतील का, हा वेगळा प्रश्न!) तर साधारण ५५ मिनिटांऐवजी ५०. बाकीचे रोध सोडून दिलेत, सर माफ करा. पाच मिनिटं वाचली हे खरं, पण घाटात माझा जीव जातो तो गिअर नसल्यामुळे.

आणि सपाट रस्त्यावर? एकदा वेग घेतला की वजन बोलतं ते टायरच्या रोलिंग रेझिस्टन्समधून. त्याचा गुणक ०.००८ धरला, तर ताशी २० किलोमीटरला आठ किलोंची किंमत जेमतेम साडेतीन वॅट. पण टायरात हवा कमी होऊन तोच गुणक ०.०१२ झाला, की माझ्या सायकलवर १८ वॅट पाण्यात! म्हणजे मी महिनोन् महिने वजनाला शिव्या देत होतो आणि चोर होता ट्यूबमध्ये.

तरी रूममेटची सायकल चालवताना मजा येते, ती का? खड्ड्याचा दणका टायर, चाक, फ्रेम, सीट असा वर येतो. या झाल्या सिरीजमध्ये जोडलेल्या स्प्रिंगा, आणि सिरीजमध्ये सगळ्यात मऊ स्प्रिंगचं राज्य असतं. ती म्हणजे टायर. फ्रेम कुठल्या धातूची यावर कँटीनमध्ये तासभर वाद घालणाऱ्यांनी आधी टायर दाबून बघावेत. बेलफास्टमध्ये जॉन डनलॉपने हवेचा टायर बनवला तो मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणून. पेटंट घेतलं १८८८ साली, आणि १८८९ मध्ये त्याच टायरांवर लोक शर्यती जिंकू लागले! कारण प्रत्येक हादरा अख्ख्या माणसाला उचलतो, आणि ती ऊर्जा जाते आपल्याच पायांतून. म्हणून दगडासारखी हवा भरणंही चूकच. आता तर शर्यतवालेही २३ मिमीचे टायर सोडून २८ किंवा त्याहून रुंद वापरतात.

मग मी हवा भरली, चेनला तेल दिलं, पॅडल खाली असताना गुडघा जेमतेम वाकेल इतकी सीट वर घेतली. सायकल ओळखू येईना! हॉस्टेलचा जिना चढवताना मात्र २० किलो ते २० किलोच.

बाबांना फोन केला, पण पैशांसाठी नाही. कॅरियर काढू का, एवढंच विचारलं. नाही म्हणाले.