महाविद्यालयाने कोणतं चित्र घ्यावं?

आजचा विषय वरवर पाहता छोटा आहे. महाविद्यालयाच्या संग्रहात एखादी कलाकृती घ्यायची, तर कोणती घ्यायची, आणि ते कोणी व कशाच्या आधारावर ठरवायचं? तुमच्यातले काही जण म्हणतील, सर, आमच्या प्रयोगशाळेत पंखे नाहीत आणि तुम्ही चित्रांचं काय घेऊन बसलात! हा आक्षेप रास्त आहे. तिथूनच सुरुवात करू.

हाच आक्षेप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेलाही लागू होता. ते काही महाविद्यालय नव्हे, पण शिक्षण आणि संशोधनाचीच जागा. १९५०च्या दशकात देश नवा होता, पैसा कमी होता. तरीही डॉ. होमी भाभांनी पंडित नेहरूंकडून संस्थेच्या अंदाजपत्रकातला एक टक्का कलेसाठी वापरायची परवानगी मिळवली. त्यातून हुसेन, गायतोंडे, आरा, तय्यब मेहता अशा चित्रकारांची चित्रं संस्थेत आली. तेव्हा त्यांची नावं आजच्याइतकी मोठी नव्हती आणि किमतीही नव्हत्या. १९६२ साली प्रवेशदालनातल्या एका भिंतीसाठी चित्रकारांकडून आराखडे मागवले गेले. त्यातून निवड झाली ती आपल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांची. त्यांचं ‘भारत भाग्य विधाता’ हे सुमारे पंचेचाळीस फूट लांबीचं भित्तिचित्र आजही तिथे आहे.

यातून शिकायचं काय? रक्कम आधी ठरली, त्यामुळे प्रत्येक चित्राची पंख्याशी स्पर्धा लागली नाही. हयात आणि काम करत असलेल्या चित्रकारांकडून घेतलं. आणि भिंत कोणती, तिथून कोण ये-जा करणार, याचा विचार झाला. पण यात एक उणीवही आहे. निवडीमागे मुख्यतः एका माणसाची नजर होती. भाभा स्वतः चित्रं काढत, त्यांची नजर तयार होती. जानेवारी १९६६ मध्ये ते गेले. प्रत्येक महाविद्यालयाला भाभा कुठून मिळणार? ज्यांना ते मिळत नाहीत, त्यांना रीत लागते.

दुसरी एक रीत ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दिसते. तिथे १९४७पासून विद्यार्थीच आपल्या पैशातून कलाकृती घेत आले. त्यांनी १९५०च्या दशकात फ्रान्सिस बेकनचं एक चित्र दीडशे पौंडांना घेतलं. पुढे १९९७ साली ते चार लाखांना विकलं गेलं, आणि त्या पैशाचा उपयोग अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीही झाला. मात्र किंमत वाढेल म्हणून घ्या, असं मी सांगत नाही. ज्यांना त्या भिंतींमध्ये राहायचं आहे त्यांनी मत दिलं, हा भाग मला महत्त्वाचा वाटतो.

आता तत्त्वाचा प्रश्न. ‘मला आवडतं’ आणि ‘हे चांगलं आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्याला कारण द्यावं लागत नाही, दुसऱ्याला द्यावं लागतं. संस्थेच्या पैशाने घेताना दुसरंच विधान करावं लागतं. पण कारण कसलं द्यायचं? रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४च्या ग्रंथात कलाविचाराचे दोन ध्रुव दाखवले, स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी. एका ध्रुवावरून आपण विचारतो, रेषा, रंग, रचना यांत ही कृती उभी राहते का? दुसऱ्यावरून विचारतो, आपल्या जगण्याशी तिचं नातं काय? निवड समितीने दोन्ही प्रश्न विचारायला हवेत. पहिला सोडला तर नेत्यांच्या तसबिरी जमतात. दुसरा सोडला तर मुंबईतल्या प्रदर्शनाची नक्कल होते.

इथे माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशा एका समितीवर होतो. एका विद्यार्थ्याने वडिलांनी विणलेलं वॉल हँगिंग भेट म्हणून आणलं. जॅकार्डवरचं काम. तुम्ही सोलापूरकर, तुम्हाला सांगायला नको: आधी चौकटीच्या कागदावर चित्र, मग त्यावरून कार्डांना भोकं, आणि त्या भोकांप्रमाणे उभे धागे उचलले जातात. समितीत एक जण म्हणाले, “ही कला नाही, हा माल आहे.” मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, गप्प बसलो. त्याच बैठकीत एका देणगीदाराचं मोठं तैलचित्र आम्ही दोन मिनिटांत स्वीकारलं. ते सभागृहात कायम दर्शनी लावायचं, ही अटही मान्य केली. दोन्ही निर्णयांना आम्ही एकही कारण लिहिलं नाही. तो मुलगा कापड घडी करून घेऊन गेला. विणकामाचं ते चित्र कदाचित नाकारण्यासारखं असेलही. पण आम्ही ते नीट उलगडून पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून मी चार गोष्टी सुचवत आलो आहे. एक, समितीत बाहेरचा एक चित्रकार किंवा कलाशिक्षक आणि निदान दोन विद्यार्थी असावेत. दोन, प्रत्येक होकाराचं आणि नकाराचं कारण चार ओळींत लिहावं. तीन, अटी घालून आलेली भेट घेऊ नये, कारण फुकट आलेल्या वस्तूलाही भिंत लागते, सोलापूरच्या उन्हापासून आणि धुळीपासून जपावं लागतं. चार, कलाकृतींची स्वतंत्र नोंदवही असावी: कोणाची, कशाची, किती मापाची, कोणाकडून, केव्हा, का घेतली. आज त्या बहुधा खुर्च्या-कपाटांबरोबर डेडस्टॉकात चढतात, आणि एक दिवस खुर्च्यांबरोबरच निर्लेखनात निघतात.

पंख्यांचं विचारलंत, तर पंखे अगदी जरूर घ्या. पण ते घेताना आपण तीन दरपत्रकं मागवतो, तुलना करतो, कारण नोंदवतो. चित्र घेतानाही निदान तेवढी मेहनत करू या. आणि कोणी काही घेऊन आलं, तर आधी ते टेबलावर पूर्ण उलगडून पाहू या.

आता प्रश्न असतील तर विचारा.