जंतू गेले, व्रण राहिले

अंडाशयातून बाहेर पडलेली अंडपेशी अंडनलिकेत शिरते. नलिकेच्या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. त्यांच्या हालचालीने ती गर्भाशयाकडे सरकते. शुक्रपेशीशी तिचे मीलन होते तेही या नलिकेतच.

क्लॅमिडिया आणि परमा हे लैंगिक संबंधांतून पसरणारे रोग. त्यांचे जीवाणू गर्भाशयातून वर चढले की नेमके या अस्तरावर हल्ला करतात. क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून उपचारही होत नाहीत. प्रतिजैविकांनी जंतू मरतात. परंतु तोवर झालेले व्रण पुसले जात नाहीत. तंतू नष्ट होतात, नलिकेच्या भिंती एकमेकींना चिकटतात. स्वीडनमधील लुंड येथे वेस्ट्रॉम व सहकाऱ्यांनी केलेली दीर्घ पाहणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. ओटीपोटातील अवयवांना एकदा सूज येऊन गेलेल्या स्त्रियांपैकी ८ टक्के, दोनदा आलेल्यांपैकी सुमारे २० टक्के, तर तीन वा अधिक वेळा आलेल्यांपैकी ४० टक्के स्त्रियांना नलिका बिघडल्यामुळे वंध्यत्व आले होते.

मग उपाय काय? नलिकाच वगळायची! अंडपेशी अंडाशयातून काढून काचपात्रात फलित करतात आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडतात. २५ जुलै १९७८ रोजी अशा रीतीने जन्मलेल्या लुईस ब्राउनच्या आईच्या नलिका बंदच होत्या. म्हणूनच पूर्वी संसर्ग झाल्याच्या खुणा रक्तात सापडल्या, एवढ्यानेच या उपचाराचे यश फारसे घटत नाही.

मात्र टोक बंद झालेली नलिका कधी कधी पाणी साचून फुगते. हे पाणी गर्भाशयात झिरपते आणि यशाची शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते. अशी नलिका आधी काढून टाकली किंवा गर्भाशयालगत बंद केली, तर ती शक्यता पुन्हा वाढते. गर्भ नलिकेतच रुजण्याचा धोकाही असतो. स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी १९७६ साली नोंदवलेली गर्भधारणा अशीच नलिकेत झाली होती, त्यामुळे ती टिकली नाही.

नलिका बंद असणे हा कोणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. भारतात क्षयाच्या जंतूंमुळेही नलिका बंद होतात, आणि लैंगिक संसर्ग पतीकडूनही येतो. प्रजननसंस्था शिकवताना एवढे जरूर सांगावे: निरोधने संसर्ग बहुतांशी टळतो, शंका आल्यास दोघांनीही तपासणी आणि उपचार करून घ्यावेत, तेही व्रण पडण्याआधी.