रेडिएशनचा परिणाम होतोय का? गाठीतला ऑक्सिजन आधीच सांगू शकेल

कॅन्सरवरचं रेडिएशन एका दिवसात संपत नाही. घसा किंवा तोंडाच्या कॅन्सरमध्ये आठवड्यातले पाच दिवस, असे सहा ते सात आठवडे ते चालतं. तोंड येतं, गिळताना दुखतं, चव जाते. एवढं सोसूनही गाठीवर नेमका किती परिणाम झाला, हे बऱ्याचदा उपचार संपल्यानंतर काही आठवड्यांनी केलेल्या स्कॅनमध्येच कळतं. हे आधी कळावं म्हणून शास्त्रज्ञ प्रकाशाची मदत घेत आहेत.

ऑक्सिजनचा काय संबंध?

रेडिएशनमुळे पेशीच्या डीएनएला इजा होते. जवळ ऑक्सिजन असेल, तर ती इजा पेशीला सहजासहजी दुरुस्त करता येत नाही. ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या पेशी मारायला मात्र अडीच ते तीन पट डोस लागू शकतो. म्हणजेच गाठीत ऑक्सिजन किती आहे, यावर उपचाराचं यश बरंच अवलंबून असतं.

प्रकाशाने तो कसा मोजतात?

कोविडच्या काळात बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर आठवतोय? ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतं. त्या फरकावरून आकडा मिळतो. गाठीसाठीही हेच तत्त्व वापरतात. त्वचेवर ठेवलेल्या ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश आत सोडायचा आणि परत आलेला प्रकाश मोजायचा. सुई टोचावी लागत नाही, जादा रेडिएशनही नाही. त्यामुळे ही तपासणी पुन्हा पुन्हा करता येते.

रुग्णांमध्ये काय दिसलं?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये अशा ८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मानेतल्या गाठींमधला रक्तप्रवाह पहिल्या आठवड्यात सरासरी निम्म्याहून अधिक वाढला आणि दुसऱ्या आठवड्यात घटला. ऑक्सिजनची सरासरी पातळी दोन आठवड्यांत सुमारे ६३ वरून ७० टक्क्यांवर गेली. मात्र प्रत्येक रुग्णातला बदल सारखा नव्हता.

मग अडचण कुठे आहे?

हा प्रकाश शरीरात काही सेंटीमीटरच पोहोचतो. त्यामुळे मान, तोंड, स्तन इथल्या गाठी त्याच्या आवाक्यात येतात, पोटात खोलवरच्या नाहीत. त्वचेच्या रंगाचाही मोजमापावर परिणाम होतो. आठ जणांवरून उपचार बदलायचे की नाही, हेही ठरवता येत नाही.

तरीही तोंडाच्या कॅन्सरचं प्रमाण मोठं असलेल्या भारतासाठी हे संशोधन महत्त्वाचं आहे. गाठ दाद देत नाही, हे दुसऱ्याच आठवड्यात खात्रीने कळू लागलं, तर उपचाराची दिशा बदलायला डॉक्टरांच्या हाती वेळ उरेल.